गेममधलं हत्यार कितपत खरं? पट्टी, मोबाईल आणि थोड्या गणिताने तपासायची रीत

गेममधली तलवार खोटी वाटते, हे खेळणाऱ्याला पटकन कळतं. नेमकी कुठे खोटी, ते मात्र सांगता येत नाही. मग वाद "खरी तलवार एवढी जड असते का?" इथेच फिरत राहतो. वजन तपासायला सोपं, म्हणून सगळे तेच तपासतात. पण हत्याराचा खरेखोटेपणा ठरतो तो वजन पात्यावर कुठे बसलंय, मूठ हाताला काय करू देते आणि समोरच्याच्या अंगावर काय आहे यावरून. नुसतं खेळणाऱ्यांना आणि ब्लेंडर या ३डी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये हत्यारं घडवणाऱ्यांना, दोघांनाही ही तपासणी उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच. यातल्या कशासाठीही धारेची तलवार लागत नाही, आणि ती आणूही नका. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. बोथट लोखंडी पट्टीवर काम भागतं.

आधी घनफळ काढा

पोलादाची घनता घनसेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणा, मग ७.८५ ने गुणा, की ग्रॅममध्ये वजन मिळतं. पातं चौकोनी नसतं, धारेकडे निमुळतं होतं, म्हणून उत्तराला साधारण ०.६५ ने गुणायचं.

एक साधं पातं घ्या. लांबी ८० सेंमी, सरासरी रुंदी ३.५, सरासरी जाडी ०.४. वजन येतं ५७० ग्रॅमच्या आसपास. त्यावर लोखंडी मूठ चढली की किलोच्या घरात जातं. एका हाताने वापरायच्या बहुतेक लढाऊ तलवारी, आपल्याकडच्या आणि युरोपातल्याही, याच घरात बसतात. युरोपातली दोन हातांची लांब तलवार १.१ ते १.८ किलोची. जर्मन पायदळाची प्रचंड दिसणारी दुहाती तलवारसुद्धा लढाईची असेल तर २ ते ३.५ किलोची. त्याहून जड नमुने सापडतात ते मिरवणुकीचे, आणि "तलवारी दहा-दहा किलोच्या असत" हा गैरसमज पसरायला त्यांचाही हातभार आहे.

आता फॅन्टसी गेममधली फळीसारखी तलवार. दीड मीटर लांब, ३० सेंमी रुंद, २ सेंमी जाड. धार नावापुरतीच असल्याने इथे ०.६५ ने गुणायचं नाही. १५० × ३० × २ = ९,००० घनसेंमी, म्हणजे ७० किलो. लासलगावच्या बाजारात कांद्याची पन्नास किलोची गोणी उचलणारा हमाल डोळ्यांसमोर आणा. ती गोणी आणि वर वीस किलो, तेही एका दांड्याच्या टोकाला धरून फिरवायचं. तरीही ज्या गेमला आपण राक्षसांच्या जगातलो आहोत हे माहीत आहे, त्याची ही फळी माफ करावी. इतिहासाचं नाव लावणाऱ्या गेमला ही सूट नाही.

ब्लेंडरमध्ये काम करत असाल तर ३डी प्रिंट टूलबॉक्स हे ॲड-ऑन बसवून सुरू करा. ते मॉडेलचं घनफळ थेट देतं. एका ठिकाणी उत्तर चुकतं. मेशला, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाच्या जाळीला, कुठे भोक असेल तर आतबाहेर ठरत नाही आणि आकडा निरर्थक येतो. पातं आणि मूठ वेगळी मोजा, नाहीतर लाकडी मूठसुद्धा पोलादाच्या भावाने तोलली जाते.

नवखा मॉडेल करणारा हमखास एक चूक करतो. पातं 'मजबूत दिसावं' म्हणून सगळीकडे १ सेंमी जाड ठेवतो. ८० × ४ × १ × ७.८५ × ०.६५ केलं की नुसतं पातं १.६ किलोच्या वर जातं. खरं पातं मुठीपाशी ६-७ मिमी जाड असतं आणि टोकाकडे २-३ मिमीपर्यंत उतरत जातं. समोरून काढलेल्या फोटोत हा उतार दिसतच नाही. फोटो बघून केलेल्या मॉडेलमध्ये तो म्हणूनच राहून जातो.

गेममधले वजनाचे आकडे मात्र सरळ किलो समजू नका. स्कायरिममध्ये लोखंडी दुहाती तलवारीचं वजन १६ आणि खंजिराचं २. किलो मानले तर आकडे हास्यास्पद आहेत. पण प्रमाण आठास एक, आणि अडीच-तीन किलोची दुहाती तलवार व तीन-साडेतीनशे ग्रॅमचा खंजीर यांचं प्रमाणही तेवढंच येतं. पहिल्या डार्क सोल्समध्ये साधी लांब तलवार ३ आणि दुहाती १० आहे, म्हणजे तिपटीहून जास्त. खऱ्या जोडीत ही तफावत दोन ते अडीचपट धरा. आकडा नाही, प्रमाण तपासा.

वजन कुठे आहे: दोन पट्ट्यांचा प्रयोग

तपासणीचा गाभा इथे आहे. वाचून तो कळत नाही, मनगटाला कळावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानातून एमएस (माइल्ड स्टील) पट्टी घ्या:

२५ × ५ मिमी, १ मीटरचा एक तुकडा;
२५ × ५ मिमी, ५० सेंमीचा एक;
२५ × ३ मिमी, ६० सेंमीचा एक;
६ मिमीचे दोन बोल्ट, नायलॉकच्या नटांसह.

कापून देतानाच दुकानदाराकडून टोकं गोल करून घ्या, किंवा घरी कानस मारा. कापलेल्या पट्टीची कड हाताला चिरते. दोन्ही छोटे तुकडे १० सेंमी एकावर एक ठेवा, त्या भागात ६ सेंमी अंतरावर ६.५ मिमीची दोन भोकं पाडा आणि आवळा. एकाच बोल्टवर भागवू नका. पट्टी त्याभोवती फिरते आणि पुढचा तुकडा कोयत्यासारखा वळतो. साधे नट झटक्यांनी सैल होतात, म्हणून नायलॉक. दोन्ही पट्ट्यांच्या धरायच्या टोकाला आणि पुढच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.

आता तुमच्याकडे एक मीटर लांबीची दोन 'पाती' आहेत. अखंड पट्टी ९८० ग्रॅमची, जोडलेली ८४० ग्रॅमची, बोल्ट सोडून. दोन्ही मागच्या टोकापासून १० सेंमीवर धरा (जोडलेली पट्टी जाड तुकड्याकडून) आणि अरुंद कड पुढे ठेवून हवेत सावकाश घाव घाला. चारी बाजूंनी तीन मीटर मोकळं हवं. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे चालणाऱ्यांची रीघ असते, तिथे नको. गच्ची किंवा सोसायटीचं रिकामं पार्किंग बरं.

वजनातला फरक सातव्या हिश्शाचा आहे, पण हाताला तो त्याहून बराच मोठा वाटेल. ती कल्पना नव्हे. फिरत्या वस्तूचा विरोध मुठीपासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. गणित मांडलं तर जोडलेली पट्टी फिरवायला तिसऱ्या हिश्शाने कमी जोर लागतो. वजन कमी झालं ते सगळं पुढच्या भागातून, म्हणून एवढा फरक पडतो. पातं टोकाकडे पातळ करत नेण्यामागे लोहाराचा हिशेब हाच.

दुसरी गोष्ट. अखंड पट्टी वजनाने खऱ्या तलवारीइतकीच आहे, तरी हातात कुचकामी वाटते, कारण तिचा तोल मुठीपासून ४० सेंमी पुढे आहे. चांगल्या तलवारीचा तोल मुठीपुढच्या आडव्या गार्डच्या पुढे साधारण १० ते १५ सेंमीवर येतो. घणाघाती घावाच्या तलवारीत थोडा पुढे, भोसकायच्या तलवारीत आणखी मागे. मुठीमागे अर्धा किलो वाळूची पिशवी बांधून बघा. तोल १५ सेंमी मागे सरकेल, पट्टी हवेत रोखून धरायला आटोक्यात वाटेल, पण घाव काही चपळ होणार नाही. मुठीमागच्या गोळ्याने तलवार हलकी होते, हे बऱ्याच गेमच्या वर्णनात लिहिलेलं असतं. त्याने तोल बदलतो, पुढचं ओझं तेवढंच राहतं.

मग पट्टीची रुंद बाजू पुढे करून एकच घाव घाला. पट्टी थरथरते आणि हातातच कलते. लढणाऱ्याला धार घावाच्या रेषेत ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं तालीम करावी लागते ती याचसाठी. चपटा लागलेला घाव कापत नाही. गेममध्ये घाव लागण्याच्या क्षणी चित्र थांबवून बघा, धार पुढे आहे की पात्याची चपटी बाजू. तलवारीचा घाव काठीच्या ॲनिमेशनवर चढवला असेल तर इथेच उघडं पडतं.

माउंट अँड ब्लेड: बॅनरलॉर्डमध्ये हत्यार तुकड्यांनी घडवता येतं, आणि तुकडा बदलला की वजन, लांबी, फिरण्याचा वेग हे आकडे बदलतात. पट्ट्यांचा प्रयोग झाल्यावर तिथे जाऊन आधी लांब पातं आणि मग जड मागचा गोळा लावून बघा. गेमने हिशेब कितपत मनावर घेतलाय ते लगेच दिसतं.

घावाचा वेग फ्रेममध्ये मोजा

ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरने सेकंदाला ६० फ्रेमने खेळ रेकॉर्ड करा, व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडा आणि 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे जा. एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. तीन आकडे वेगळे लिहा: हत्यार मागे नेण्याची तयारी, मागून पुढे लागेपर्यंतचा घाव आणि पुन्हा सावरणं. मग जोडलेल्या पट्टीने घातलेल्या घावाचं मोबाईलवर चित्रण करून तेच मोजा. मोबाईलची फ्रेमसंख्या चित्रणभर एकसारखी राहत नाही, म्हणून बाजूला दुसऱ्या मोबाईलचं स्टॉपवॉच दिसेल असं ठेवा, नाहीतर मोजणी चुकते.

तयार माणसाचा उगारलेल्या हातातून येणारा घाव अर्ध्या सेकंदाच्या आतच संपतो. गेममध्ये दुहाती हत्याराची नुसती तयारीच सेकंदभर चालते. हा खोटेपणा मला मान्य आहे. डोळ्यांनी बघून हात हलायला माणसाला पाव सेकंद लागतो. खऱ्या वेगाचा घाव पडद्यावर बघून अडवताच येणार नाही. खरा लढवय्या खांदा, पाय आणि अंतर वाचून आधीच हलतो, पण ती माहिती पडद्यावर पोहोचत नाही.

मात्र सावरणं तपासा. जड हत्याराचा घाव हुकला तर हत्यार पुढे ओढत नेतं, पाय टाकावा लागतो. घाव हुकला तरी लागल्यासारखाच तिथल्या तिथे थांबत असेल, तर ॲनिमेशनमध्ये वजन नाही, मग वर्णनात कितीही किलो लिहिलेले असोत.

मूठ: मराठी हत्यारं इथेच बिघडतात

परदेशी गेममध्ये आपली हत्यारं आली की मॉडेल बहुधा सुंदर असतं आणि हात चुकीचा. मॉडेल म्युझियमच्या फोटोवरून होतं, ॲनिमेशन युरोपी तलवारीचं उसनं घेतलेलं असतं.

आपल्या वक्र तलवारीची मूठ आखूड, सगळी धातूची आणि मागे चकती. बघणाऱ्याला वाटतं हात मावणार नाही. पकड घट्टच हवी आहे. मनगट पुढे मोडून टोक रोखायला गेलं की चकती मनगटाला अडते. कोपर आणि खांद्यातून घाव घालून पातं ओढून घ्यायचं, वक्र पात्याचं कापणं तिथे होतं. ॲनिमेशन दुरुस्त करताना लागल्यानंतरच्या चार-सहा फ्रेममध्ये हात कमरेकडे ओढला जाईल असं करा आणि मनगट पुढे वाकायची मर्यादा कमी करा. नुसतं आदळून थांबणारा तलवारीचा घाव कुऱ्हाडीचा वाटतो. सरळ पात्याच्या धोपेला हा नियम तसाच लावू नका, तिथे लांब पल्ला आणि भोसकणंही आहे.

दांडपट्टा सगळ्यात जास्त बिघडतो. पट्ट्यात मूठ पात्याला आडवी असते, लोखंडी खोळीच्या आत. खोळ मनगट झाकून कोपराकडे जाते आणि वर वादीने आवळतात. म्हणजे पातं हे हाताच्याच रेषेत वाढलेलं हाड. मनगट मुळीच वाकत नाही. हात रिग करताना, म्हणजे हालचालीसाठी मॉडेलला हाडं जोडताना, एवढं करा: मनगटाचं हाड शून्यावर कुलूपबंद, पातं कोपराखालच्या हाडाला जोडलेलं, फिरणं सगळं खांद्यातून, कमरेतून आणि पायातून. पट्ट्याचे हात बघितलेत तर माणूस स्वतःभोवती गिरक्या घेताना दिसतो. ते शोभेसाठी नाही. मनगट बंद असल्यावर लांब लवचिक पात्याचा वेग थांबवून उलटा फिरवणं महाग पडतं, म्हणून तो वेग पुढच्या घावात वळवायचा. गेममध्ये पट्टेकरी जागेवर उभा राहून डावा-उजवा घाव घालत असेल तर त्याला पट्टा कळलेला नाही.

१९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ दिसले, तर मोबाईल १२० फ्रेमवर ठेवून खेळाडूच्या पायांचं चित्रण करा, पात्याचं नको. घरी सावकाश चालवा. पाय वळतो, मग कंबर, मग खांदा, आणि पातं सगळ्यात शेवटी. ॲनिमेशन करणाऱ्याला हा क्रम सोन्यासारखा आहे. तेवढं बघताना दूर उभे राहा, पात्याची पोच दिसते त्यापेक्षा जास्त असते.

कट्यारीचंही तेच: आडवी मूठ, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मनगटाला लागून. ती ठोशासारखी सरळ जाते. खंजिरासारखी उलटी धरून वरून खाली मारताना दाखवली असेल तर ते चूक आहे.

नाशिकच्या सिंहस्थात आखाड्यांच्या मिरवणुकीत भाले, त्रिशूळ, तलवारी जवळून दिसतात. आकार आणि सजावट टिपायला उत्तम. वजन-तोलाचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नका, मानाची हत्यारं लढाईच्या हिशेबाने घडवलेली असतीलच असं नाही.

चिलखताची कसोटी

एकच शत्रू, एकच चिलखत. आधी तलवारीने, मग गदा किंवा गुर्जाने, मग भाल्याने मारा आणि प्रत्येकी किती घाव लागले ते लिहा. कड्यांचं चिलखत तलवारीचा घाव अडवतं, पत्र्याचं तर सहज. त्यावर उपाय म्हणजे ठेचणारा गुर्ज, किंवा पेशकब्जासारखं जाड पाठीचं अणकुचीदार पातं, जे कडी फोडून आत जातं. तलवारीने पत्रा चिरत असेल तर बाकी सगळं कितीही सुंदर असो, गेम इथे नापास. किंगडम कम: डिलिव्हरन्सने कापणं, भोसकणं आणि ठेचणं वेगळं मोजलंय. १४०३ च्या बोहेमियातल्या चिलखती माणसाशी तलवारीने भिडलं की ते जाणवतं.

काळही बघा. घोस्ट ऑफ त्सुशिमा १२७४ मध्ये घडतो, पण नायकाच्या कमरेला नंतरच्या काळची कताना आहे. तेव्हाचा सामुराई धार खाली ठेवून लटकवायची ताची वापरत असे.

आणि लढाईचा प्रकार. नाशिकजवळच्या रामसेज किल्ल्याला १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला, तो वर्षानुवर्षं चालला. तिथे काम केलं ते वरून लोटलेल्या दगडांनी आणि मोगल इतिहासकार खाफीखानाने नोंदवलेल्या कातड्याने मढवलेल्या लाकडी तोफांनी. वेढ्याच्या गेममध्ये पहिल्या मिनिटापासून तटावर तलवारीच खणखणत असतील तर शंका घ्या.

आवाज आणि म्यान

म्यान लाकडाचं, वर कातडं किंवा कापड. त्यातून पातं निघताना घासल्याचा दबका आवाज येतो. 'श्शिंग' असा घुमणारा आवाज हवा असेल तर भांडी बाजारात पितळी ताटावर सुरी ओढावी लागेल. पाठीवरचं म्यान तपासायला दोरी घ्या: खांद्यापासून मुठीपर्यंत हाताची लांबी मोजा. त्याहून लांब पातं बंद म्यानातून खांद्यावरून पूर्ण बाहेर येत नाही.

म्युझियममध्ये काय टिपायचं

नाशिकहून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन निवांत बघून संध्याकाळी परतता येतं. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. फोटोला परवानगी आहे का ते दारातच विचारा. काचेच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोत टोक लहान आणि मूठ मोठी येते, म्हणून मागे जाऊन झूम करा. समोरचा एक फोटो पुरे. मग कपाटाच्या कडेला जा आणि पातं टोकाकडून, पाठीच्या रेषेत दिसेल असा दुसरा काढा. जाडी कुठे उतरायला लागते ते त्यातच दिसतं. तिसरा मुठीच्या आतल्या बाजूचा, जिथे बोटं बसतात. ढाल असेल तर शक्य झाल्यास तिची मागची बाजू: दोन मुठी कशा बांधल्यात आणि बोटांमागची गादी किती जाड आहे. गेममधली ढाल हातावर कुठे बसवायची ते या एका फोटोवरून ठरतं.